मदत हवी आहे: प्लीहेच्या पुवात मशीन 'सेपेशिया' दाखवतंय, पण ऑगमेंटिन सेन्सिटिव्ह! पुढे काय करावं?

पेट्रीडिश (तळकोकण)

तालुक्याच्या लॅबमधून विचारत आहे. नमुना प्लीहेच्या गळवातला पू, सोनोग्राफीखाली सुईने काढलेला. रुग्ण पन्नाशीपुढचा, भातशेती करणारा, साखर बरीच वाढलेली, तीन आठवडे ताप. छातीच्या एक्स-रेत वरच्या भागात डाग आहेत. सीबीनॅट (टीबीची जीन चाचणी) निगेटिव्ह, तरी एकेटी (टीबीची औषधं) सुरू करण्याचं घाटतंय.

ग्रॅम स्टेनमध्ये पूपेशी भरपूर आणि ग्रॅम निगेटिव्ह काड्या, काहींची दोन्ही टोकं गडद, मधे फिकट. ब्लड अगारवर २४ तासांनी बारीक गुळगुळीत कॉलनी, ४८ तासांनंतर कोरड्या व्हायला लागल्या. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. जंतू ओळखणाऱ्या मशीनने नाव दिलं बर्कहोल्डेरिया सेपेशिया. अँटिबायोटिकच्या डिस्क लावल्या तर जेंटामायसिनला झोन (डिस्कभोवती वाढ थांबलेलं वर्तुळ) नाही, कोलिस्टिनला नाही, ऑगमेंटिनला मात्र २६ मिमी. सेफ्टाझिडीम २५, मेरोपेनेम २८. को-ट्रायमॉक्साझोलच्या झोनमध्ये धूसर वाढ आहे, ती कशी वाचायची कळत नाही.

१) नाव सेपेशियाच कळवावं का?
२) की हे कंटॅमिनेशन म्हणून सोडून द्यायचं?

मृदाजंतू

दोन्ही नको. आधी प्लेट बंद करा, टेप लावा आणि यापुढचं सगळं काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करा. प्लेटचा वास घेऊ नका. हा जंतू मातकट वास देतो म्हणून हुंगून ओळखायची सवय काही ठिकाणी अजून आहे, ती धोक्याची आहे.

तुम्ही लिहिलेलं चित्र बर्कहोल्डेरिया स्युडोमलाय या मातीतल्या जंतूचं, म्हणजे त्याने होणाऱ्या मेलिऑइडोसिस या आजाराचं आहे, आणि ते तुमच्या तीन डिस्कच सांगताहेत. स्युडोमोनास एरुजिनोसा असता तर कोलिस्टिनला झोन आला असता आणि ऑगमेंटिनला आला नसता. सेपेशिया गटाचा असता तर कोलिस्टिन रेझिस्टंट, पण ऑगमेंटिनही सहसा रेझिस्टंट. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम निगेटिव्ह काडी, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद देत नाही आणि ऑगमेंटिनला मोठा झोन देते, असं दिसलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत स्युडोमलाय समजायचा. अपवाद एक लक्षात ठेवा: मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिन-सेन्सिटिव्ह जातीही सापडतात.

मशीनवर विसंबू नका. व्हायटेक मशीन याला कधीकधी सेपेशिया म्हणतं, एपीआय २० एनई ही चाचणीपट्टी कधी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम म्हणते, आणि माल्डीच्या (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं यंत्र) डेटाबेसमध्ये स्युडोमलायच नसेल तर बर्कहोल्डेरिया थायलंडेन्सिस असं उत्तर येतं.

पक्की ओळख लॅटेक्स ॲग्लुटिनेशनने किंवा टीटीएस१ जीनच्या पीसीआरने. त्यासाठी कॉलनी मोठ्या लॅबला पाठवा. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजला आणि वेल्लोरच्या सीएमसीला या जंतूचा बराच अनुभव आहे. आधी फोन करा, पाकिटावर संशयित जंतूचं नाव लिहा आणि तिहेरी पॅकिंग करा. रिपोर्टमध्ये मात्र आजच लिहा: 'बर्कहोल्डेरिया स्युडोमलायचा दाट संशय, खात्री बाकी.' उपचार खात्रीसाठी अडून राहता कामा नयेत.

रक्तातल्या अँटिबॉडीवर निदान करू नका. जिथे जंतू मातीतच आहे तिथे निरोगी माणसातही त्या सापडतात.

संसर्गतज्ज्ञ_ओपीडी

कंटॅमिनेशन म्हणून टाकून देणं ही इथली सगळ्यांत महागडी चूक असते. प्लीहेच्या पुवातून किंवा रक्तातून, अगदी घशाच्या स्वॅबमधूनही हा एकदा जरी वाढला तरी तो आजारच. माणसात तो निरुपद्रवीपणे वस्तीला राहत नाही, असं धरूनच चालायचं.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे नक्की कळवा. सेफ्ट्रायॅक्सोनवर थांबू नका. प्लेटवर काम करताना दिसलं तरी त्यावर मृत्यू जास्त होतात. मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढाला सेफ्टाझिडीम २ ग्रॅम दर ६ तासांनी शिरेतून, किंवा मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी. रुग्ण आयसीयूत असेल तर मेरोपेनेम. एरव्ही किमान १०–१४ दिवस, पण प्लीहेत गळवं असताना किमान ४ आठवडे, आणि मोजणी शेवटच्या कल्चर पॉझिटिव्ह निचऱ्याच्या तारखेपासून. प्लीहेतली बारीक अनेक गळवं कापायला जाऊ नये, ती औषधानेच जिरतात. पुरुष असेल तर पोट आणि ओटीपोटाचा सीटी कराच, प्रोस्टेटमधलं गळू हमखास सुटतं आणि त्याचा निचरा करावाच लागतो.

त्यानंतर गोळ्या. को-ट्रायमॉक्साझोल दर १२ तासांनी: ६० किलोच्या वर ३२०/१६०० मिग्रॅ, ४० ते ६० किलोला २४०/१२०० (म्हणजे ८०/४०० च्या तीन गोळ्या), ४० च्या खाली १६०/८००. किमान १२ आठवडे. सोबत फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहत राहा, जी६पीडी या एन्झाइमची कमतरता नाही ना, ते आधीच तपासा. बरं वाटलं म्हणून महिन्यात गोळ्या सोडल्या की आजार उलटतो.

एकेटीबद्दल: वरच्या भागातले डाग, वजन घटणं, लांबलेला ताप, हे सगळं टीबीसारखंच दिसतं. सीबीनॅट निगेटिव्ह आणि प्लीहेत गळवं असताना एकेटीची घाई करू नये.

पेट्रीडिश

आभार, रिपोर्ट त्याच शब्दांत दिला. सेफ्टाझिडीम चालू होऊन सहा दिवस झाले, ताप अजून १०१ च्या आसपास. औषध बदलायचं का, असं वॉर्डातून विचारतायत. शिवाय युकास्टच्या (युरोपीय निकष) तक्त्यात सेफ्टाझिडीम आणि ऑगमेंटिन दोन्ही 'आय' येतात. तेही कळवू?

संसर्गतज्ज्ञ_ओपीडी

बदलू नका. योग्य औषधावरही ताप उतरायला सरासरी ९ दिवस लागतात, गळवं असतील तर त्याहून जास्त. रक्तदाब घसरला, नवीन गळू दिसलं किंवा आठवड्याने केलेलं रक्ताचं कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आलं, तर विचार करायचा.

मृदाजंतू

'आय'चा घोळ सगळीकडे होतो. युकास्टमध्ये त्याचा अर्थ 'मधलं' नाही, 'वाढीव डोसला सेन्सिटिव्ह' असा आहे, आणि वर दिलेला सेफ्टाझिडीमचा डोस वाढीवच आहे. रिपोर्टमध्ये हे वाक्य लिहाच, नाहीतर डॉक्टर 'आय' बघून चांगलं औषध काढून टाकतात.

पण आधी तुमची डिस्क तपासा. युकास्टचा तक्ता सेफ्टाझिडीम १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कसाठी आहे. आपल्याकडे सीएलएसआयच्या (अमेरिकी निकष) पद्धतीने ३० ची वापरतात. ३० च्या डिस्कचा झोन या तक्त्यावर वाचला तर निकाल चुकीचा. सीएलएसआयकडे या जंतूसाठी डिस्कचे निकष नाहीत, एमआयसीचेच (वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) आहेत.

को-ट्रायमॉक्साझोलची धूसर वाढ: या औषधाने वाढ हळूहळू मंदावते, झोनची कड स्पष्ट नसते, म्हणून डिस्कवर खोटं 'रेझिस्टंट' येतं. ई-टेस्ट (एमआयसी मोजणारी पट्टी) लावा आणि जिथे वाढ ८० टक्के दबलेली आहे तिथे वाचा. बारा आठवड्यांच्या गोळ्या यावर ठरणार आहेत, म्हणून हा खर्च टाळू नका.

आणि लॅबमध्ये या प्लेटवर उघड्यावर कोण काम करत होतं? व्होर्टेक्स, सेंट्रिफ्यूज किंवा हुंगणं झालं असेल आणि त्या व्यक्तीला मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर २१ दिवस को-ट्रायमॉक्साझोल प्रतिबंधक म्हणून देतात. २१ दिवस रोज दोनदा ताप मोजून लिहून ठेवा.

भातखाचर

घरच्यांचा प्रश्न येईलच: शेतातली माती तपासायची का? उपयोग थोडा. जंतू साधारण ३० सेंमी खोलीवर शोधतात, शेतभर शंभरेक ठिकाणी. एका खड्ड्यातली माती निगेटिव्ह आली म्हणजे शेत सुरक्षित असं नाही. त्याऐवजी लावणीला गमबूट, पायाला जखम असेल तर चिखलात न उतरणं आणि साखर ताब्यात ठेवणं, यावर बोला. माणसाकडून माणसाला हा सहसा जात नाही, वेगळी भांडी-अंथरूण नको.

हा आजार बाहेरचा नाही. विटमोर आणि कृष्णस्वामी यांनी तो १९११ मध्ये रंगूनला प्रथम ओळखला, आणि मुंबईतल्या एका बालकातली नोंद १९९१ ची आहे. पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक तापाला लेप्टो समजून डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) सुरू होते. डॉक्सीने हा जंतू थोडा दबतो, मरत नाही, आणि नंतरचं कल्चर कोरं येतं. मधुमेही माणसाला लावणीनंतर ताप असेल तर डॉक्सीच्या पहिल्या गोळीआधी रक्त कल्चरला घ्या, बाटली ७ दिवस ठेवा. घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब आणि लघवीचा गाळही लावा. एका कल्चरमध्ये हा साधारण ६० टक्के वेळाच सापडतो.

पेट्रीडिश

डिस्क ३० चीच निघाली. ई-टेस्ट मागवली आहे, कॉलनी उद्या सकाळी रवाना होते. दोघांनी उघड्यावर प्लेट हाताळली होती, एकाला मधुमेह आहे. त्याच्या डॉक्टरांशी आज संध्याकाळीच बोलतो.