द्राक्षाच्या डॉगरीज खुंटावर फेल गेलेली कलमं आत्ता परत भरू की फेब्रुवारीपर्यंत थांबू? मदत हवी आहे

उरुळी कांचनजवळ आमची अर्धा एकर जमीन आहे, बोअरचं पाणी खारट आहे म्हणून डॉगरीजची खुंटरोपं (ज्यांच्यावर कलम करतात ती) घेतली. ही मूळची टेक्सासची रानद्राक्षाची वेल, क्षार आणि पाण्याचा ताण दोन्ही झेलते आणि खरंच झेलली, फेब्रुवारीत लावलेली रोपं ऑगस्टपर्यंत पेन्सिलीपेक्षा जाड झाली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात थॉम्पसन या द्राक्षाच्या जातीच्या काड्यांनी पाचर कलम (खुंटाला चीर देऊन त्यात काडी बसवायची) केलं, १८० पैकी ६४ फेल. त्यातली दोन-चार पट्टी सोडून बघितली तर काडी आतून काळी पडलेली, पण खाली खुंटाची साल नखाने खरवडली की हिरवीगार, आणि आता त्यालाच इतके फुटवे आलेत की दर आठवड्याला काढावे लागतात, शेवटी प्रत्येकी दोन सरळ फुटवे ठेवून बांबूला बांधलेत.

आता नोव्हेंबर संपत आला, रात्री चांगलाच गारवा असतो. नर्सरीवाले म्हणतात लगेच भरा, शेजारचे काका म्हणतात थंडीत सांधा जुळत नाही, थांबा. ड्रीप आहे, पाणी कमी पडत नाही, कलम करणारा माणूस पण मिळतोय, नवीन रोपं मात्र घ्यायची नाहीत.

थांबायचं असेल तर ऑक्टोबर छाटणीच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्यात त्या फेब्रुवारीपर्यंत टिकतील का? आणि कलम जुन्या खोडावरच खाली घ्यायचं की या नवीन फुटव्यावर? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.