पहिली गाडी दसऱ्याला: एबीएसवाली १२५ की थेट ३५०? (फुलेवाडी ते गोकुळ शिरगाव, आणि रविवारी घाट)

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी. स्वतःच्या पगारातून पहिली गाडी घेणार आहे, मुहूर्त दसऱ्याचा. मोटारसायकलच घ्यायची हे पक्कं आहे. "मुलीला स्कूटर बरी" हे घरात भरपूर ऐकून झालंय, इथे तेवढं नको. बाबांच्या जुन्या स्प्लेंडरवर शिकले, दोन वर्षं तीच चालवतेय. आता ती भावाला कॉलेजला लागणार.

रोज कोल्हापुरात फुलेवाडीहून गोकुळ शिरगाव एमआयडीसी, एका बाजूनं साधारण १५ किलोमीटर, त्यातला शेवटचा तुकडा हायवेचा. फाउंड्रीत क्वालिटीला आहे, सुटायला कधी सहा वाजतात, कधी साडेसात. महिन्यातले दोन रविवार पन्हाळा, जोतिबा, राधानगरी. गगनबावड्याचा रस्ता तर आमच्या दारावरूनच जातो. उंची पाच फूट तीन.

माझा कल १२५ सीसीकडे आहे, पण पुढच्या चाकाला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या. हिरोची एक्स्ट्रीम १२५आर बघून आले. कंपनीतले सगळे म्हणतात, थोडे पैसे अजून घाल आणि रॉयल एनफील्डची हंटर ३५० घे, वर्षभरात १२५ चा कंटाळा येईल. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. दोन्ही बाजूंनी मोकळेपणानं मांडा.

गगनगड

ताई, मी त्याच वाटेनं गेलोय, म्हणून ठामपणे सांगतो: १२५ घेऊ नका. माझी पहिली १२५ चौदा महिन्यांत विकली आणि ३५० घेतली. मधल्या मध्ये पैसे गेले ते गेलेच.

शहरात १२५ ला काही कमी पडत नाही. पण कळे सोडून पुढं गगनबावड्याकडे डबल सीट निघा, समोरून वारा असू द्या, मग कळतं. मी तिसऱ्या गिअरवर, इंजिन ओरडतंय, आणि मागून एसटी हॉर्न वाजवतेय. हंटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २७ न्यूटन मीटर, एक्स्ट्रीमचा साधारण साडेदहा. हा फरक चढावर आणि ओव्हरटेकला कामाला येतो. उसाची डबल ट्रॉली ओलांडायला किती लांब रस्ता मोकळा लागतो ते तुम्हाला माहीत आहे. तिथं गाडीत दम नसेल तर अर्ध्यावर अडकायला होतं.

दुसरं म्हणजे हायवेचा वारा. कंटेनर शेजारून गेला की हलकी गाडी हलते, जड गाडी रस्ता धरून राहते. आणि ३४९ सीसी असल्यामुळे हंटरसुद्धा २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीतच बसते, आधी २८ होता. घ्यायची तर हीच वेळ.

उद्यमनगरी

उद्यमनगरात बावीस वर्षं गॅरेज चालवतोय. कुठली कंपनी चांगली, कुठली वाईट हे सांगायला आलो नाही. माझ्याकडं काय दुरुस्तीला येतं तेवढं सांगतो.

नवीन माणसाची गाडी वेगात पडून क्वचित येते. ती येते उभ्या उभ्या पडून. गेटमध्ये वळवताना, पेट्रोल पंपावर, सिग्नलला पाय वाळूवर टेकला म्हणून. क्लचचा लिव्हर वाकलेला, फुटरेस्ट आत गेलेला, उजव्या बाजूला पडली असेल तर सायलेन्सरला ओरखडा. माणसाला लागत नाही, पण मनात भीती बसते आणि ती पुढं सहा महिने जात नाही. हंटर १८१ किलोची, एक्स्ट्रीम १३६. म्हणजे ४५ किलोचा फरक, जवळजवळ सिमेंटचं एक पोतं. गाडी एकदा कलली की ते पोतं तुम्हाला सावरायचं असतं.

गगनगड, डबल ट्रॉलीचं तुमचं म्हणणं मला मान्य नाही. ट्रॉली ओलांडायला जादा दम पाहिजे म्हणून जड गाडी घ्यायची, हा हिशोबच चुकीचा. समोरचं दिसत नसेल तर ओलांडायचीच नाही, मागं थांबायचं. गाडीत दम आहे म्हणून जागा नसताना घुसलेल्यांच्या गाड्या मी उचलून आणल्यात.

घाटाबद्दल एक गोष्ट, कुठलीही गाडी घेतलीस तरी. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे अजून आहेत. २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की इंजिनाचं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पन्हाळ्यावरून उतरून ड्रमला हात लावून बघ, पोळतो. तापलेला ड्रम धरत नाही. ज्या गिअरवर चढलीस त्याच गिअरवर उतर.

कागलकरीण

मी पाच फूट दोन आहे आणि अडीच वर्षं ३५० चालवतेय, कागल ते शिवाजी विद्यापीठ रोज. त्यामुळे इथे मला बोलायलाच पाहिजे.

काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण "वजन" हा शब्द मुलींना आधी सांगितला जातो आणि मुलग्यांना कधीच नाही. माझ्या भावानं अठराव्या वर्षी ३५० घेतली, त्याला कुणी सिमेंटचं पोतं सांगितलं नाही. आता आकडेच बघूया. हंटरची सीट ७९० मिलिमीटरवर, एक्स्ट्रीमची ७९४. म्हणजे पाय टेकायचा प्रश्न असेल तर उलट हंटरच सोपी. वजन खाली आहे, गाडी चालू लागली की ते जाणवत नाही.

आणि ब्रेकचं सगळे विसरताय. हंटरच्या वरच्या मॉडेलला दोन्ही चाकांना डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस. तू बघून आलीस त्या एक्स्ट्रीमला एबीएस फक्त पुढच्या चाकाला, मागं ड्रम. पावसात हायवेवर कोणती गाडी हवी, सांगा.

मी दोनदा पाडली, हो. दोन्ही वेळा उभ्या उभ्या. उचलायची पद्धत शिकले: गाडीकडे पाठ करायची, गुडघ्यात बसायचं, हँडल आणि मागचा पाईप धरून पायाच्या जोरावर मागं रेटत उठायचं. तिसऱ्यांदा पाडली नाही.

राजारामपुरी नववी गल्ली

मी फक्त पैशाचं बोलतो. रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, वर रविवार. ९०० किलोमीटर धरा. १२५ ला ५५ चं ॲव्हरेज, ३५० ला ३५. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला हजाराच्या आसपास फरक. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा गाडीबरोबरच घ्यावा लागतो. २०२२ च्या दरांनी १५० सीसीपर्यंत ३,८५१ रुपये, त्याच्यावर ३५० पर्यंत ७,३६५, अधिक कर. या पैशात चांगलं आयएसआय हेल्मेट, हातमोजे आणि अंगाला बसणारा रेनकोट येतो. नवीन गाडीवर दीड लाख घालणारे लोक सातशेचं हेल्मेट घालून फिरताना बघितले की वाईट वाटतं.

शिरोली शिफ्ट

दोन्ही नको, १५० घ्या. विम्याची रेघ १५० सीसीवर आहे, त्यामुळे १४९ ची एफझी किंवा पल्सर १५० खालच्या दरात बसते, १६० वाली वर जाते. १२५ च्या वर एबीएस कायद्यानंच द्यावं लागतं, २०१९ पासून.

पण मी लिहितोय ते हेडलाईटसाठी. माझी तिसरी शिफ्ट असते. दसरा झाला की ऊस सुरू होतो, आणि साडेसातला सुटलात तर तुम्ही अंधारात त्या ट्रॉल्यांच्या मागं असणार. मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर मातीनं माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. गेल्या हंगामात मला ट्रॉली दिसलीच नाही. दिसलं ते डांबरावर लोंबणारं उसाचं वाढं, माझ्या लाईटच्या उजेडात हललं म्हणून. जोरात ब्रेक दाबला, थांबलो तेव्हा उसाची टोकं टाकीपासून हातभर होती. माझी तेव्हाची गाडी जुनी, लाईट पिवळा आणि मंद.

तेव्हा गाडी बघायला दिवसा जाऊ नका. संध्याकाळी सातनंतर जा आणि हेडलाईट रस्त्यावर टाकून बघा.

गगनगड

काका, मागं थांबायचं हे बरोबर आहे, तेवढं मागं घेतो. पण वर्षानं गाडी बदलण्याचा खर्च कुणीच धरत नाहीय. राजारामपुरीवाल्यांनी महिन्याला हजार काढले, मला चौदा महिन्यांत विकताना त्याच्या दुप्पट फटका बसला. ताईंना घाट आवडतो हे त्या स्वतःच लिहितायत. आवड वाढतेच.

फुलेवाडीकर

सगळ्यांचे आभार, फार मनापासून लिहिलंत. कागलकरीण ताई, तुमचं वाचून मी अडले. मला वजनाची भीती खरंच आहे, की लहानपणापासून घातलेली आहे, हे चालवल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणून रविवारी मैत्रिणीची ३५० मागून घेतली. शोरूमची एक्स्ट्रीम आदल्या दिवशी संध्याकाळी सातला चालवली, शिरोलीवाल्या दादांनी सांगितलं तसं.

३५० आधी. शिवाजी पूल, वाघबीळ, पन्हाळा, मैत्रीण मागे. गगनगड, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. तिसऱ्या गिअरवर डबल सीट चढली आणि इंजिनाला काही वाटलंच नाही. चालू गाडीत वजन जाणवत नाही हेही खरं. मला ती फार आवडली.

घरी आल्यावर मात्र वेगळं झालं. आमचा बोळ रस्त्यापासून गेटपर्यंत उताराचा आहे. स्प्लेंडर मी रोज तोंडानं आत घालते आणि सकाळी पाय टेकवत मागं ओढून काढते. ३५० आत गेली. मागं येईना. दोन्ही पाय रोवले, हँडल घट्ट धरलं, गाडी चार बोटं सरकली आणि परत पुढं गेली. शेवटी भावाला हाक मारली. एकदा हाक मारायला काही वाटत नाही, पण रोज सकाळी आठ वाजता मी कुणाला हाक मारणार? बाबा म्हणाले, उलटी आत घाल. तर बोळ एवढा अरुंद आहे की रस्त्यावर तिरकी लावून, दोन्हीकडच्या गाड्या थांबवून घालावी लागते. एक्स्ट्रीम शोरूमच्या रॅम्पवर मुद्दाम खाली तोंड करून लावून बघितली होती. जोर लागला, पण एकटीनं निघाली.

ब्रेकही बघितला. शोरूममागं बारीक खडी पसरलेली होती, तिथं वीसच्या वेगात पुढचा ब्रेक कचकन दाबला. लिव्हरला बोटाखाली टकटक जाणवलं, चाक अडकलं नाही, गाडी सरळ थांबली. मागचा दाबला तेव्हा मागचं चाक घसरलं. म्हणजे कागलकरीण ताईंचा मुद्दा उभा आहे, मागं एबीएस नाही ते नाहीच. ते मला सवयीनं सांभाळावं लागेल. हेडलाईट चांगला आहे, बाबांच्या स्प्लेंडरशी तुलनाच नाही.

मी १२५ घेतेय.

कागलकरीण

बोळाचं कारण मान्य. आमच्या दारात सपाट अंगण आहे, हे मी धरलंच नव्हतं. पण "मुलींना जड होते" म्हणून घेतली नाहीस असं कुणाला सांगू नकोस. बोळ अरुंद आहे, हेच सांग.

गगनगड

मी माझ्या मतावर आहे, ताई. दोन वर्षांनी इथंच लिहा. तोपर्यंत गगनबावड्याला निघालात तर कळ्याच्या पुढं चौथ्यावरून तिसऱ्यावर लवकर या, इंजिन दमायची वाट बघू नका. १२५ ला तेवढं सांभाळून घ्यावं लागतं.

उद्यमनगरी

पहिले हजार किलोमीटर ताणू नकोस आणि एकाच वेगात फार वेळ चालवू नकोस. ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांच्या चाकांना लागून शेतातली माती डांबरावर येते, दव पडलं की ती साबणासारखी होते. तिथं मागच्या ब्रेकवर पाय नको. थ्रॉटल सोड आणि गिअरवर हळू कर.

फुलेवाडीकर

लक्षात ठेवते, काका. बुकिंग गुरुवारी करणार. आई लाल म्हणतेय, मला निळी हवी, त्यावर घरात चर्चा चालू आहे. हेल्मेट आजच आणलं. कागलकरीण ताई, पहिली सर्व्हिसिंग झाली की आंबोलीला जाऊया का? गडहिंग्लजवरून की आजऱ्यावरून ते तुम्ही ठरवा, रस्ता तुमच्या पायाखालचा आहे.

कागलकरीण

आजऱ्यावरून. निपाणीमार्गे उत्तूर, आजरा. पहाटे साडेपाचला कागलच्या चौकात ये, टाकी भरून. पुढं मी राहते, मागून तू. घाट सुरू झाला की तू पुढं.