पाळीत फार जातं आणि तारखेचाही पत्ता नाही – आधी काय बघायचं? (इंदूर)

सुदामानगर_स्नेहा:
वहिनी, वय 43. पाळी कधी 20 दिवसांनी, कधी 50. आली की 9-10 दिवस. हिमोग्लोबिन 8.9. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं आतलं अस्तर 14 मिमी, फायब्रॉईड (पिशवीतली मांसल गाठ) नाही. घरात एकच सूर: पिशवी काढून मोकळी हो. ‘फार जातं’ हे मोजायचं कसं? आणि 14 म्हणजे जाड का?

वॉर्ड_नं_सात:
मोजता येतं. नुसता डाग लागलेलं पॅड 1 गुण, अर्धं भिजलेलं 5, पूर्ण भिजलेलं 20. रक्ताची लहान गाठ 1, मोठी 5. पूर्ण पाळीची बेरीज 100 च्या वर गेली की जास्त, म्हणजे साधारण 80 मिलीच्या पुढे. एका दिवसात 3 पूर्ण, 4 अर्धी, 2 मोठ्या गाठी असतील तर त्या एकाच दिवसाचे 90 झाले. एक्स्ट्रा लार्ज पॅड जास्त शोषतं, त्यामुळे एकच प्रकार वापरून मोजा. तासाला एक पॅड भिजतंय, असं दोन तास चाललं किंवा चक्कर, धडधड सुरू झाली, तर वही बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

स्त्रीरोग_मालवा:
14 हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. पाळीच्या आधी अस्तर 16 पर्यंतही असू शकतं. सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली? रक्तस्राव थांबल्या-थांबल्या केलेली जास्त उपयोगाची. (4 मिमीच्या वर अस्तर म्हणजे धोका, ही भीती पाळी कायमची गेलेल्या बायकांसाठी.)

20-50 दिवसांचा हेलकावा म्हणजे बहुधा बीज सुटत नाहीये. मग प्रोजेस्टेरॉन (अस्तर टिकवून धरणारं संप्रेरक) तयार होत नाही, इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकावर अस्तर वाढत राहतं आणि कधीतरी तुकड्या-तुकड्यांनी गळतं. आधी लघवीची गर्भ-तपासणी, मग सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईड). या वयात अस्तराची बायॉप्सी (तुकडा काढून तपासणी) टाळू नये. ओपीडीत बारीक नळीने होते. तिच्या रिपोर्टाआधी पिशवीचा विषय काढू नका.

औषध_खिडकी:
ट्रॅनेक्झामिक अॅसिड (रक्तस्राव कमी करणारी गोळी) रक्तस्राव चालू असतानाच घ्यायचं. सहसा 1 ग्रॅम तीनदा, जास्तीत जास्त 5 दिवस. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर नाही. नॉरएथिस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी) मधेच सोडलं की दोन-चार दिवसांत पुन्हा जायला लागतं, आणि ‘गोळी लागू पडली नाही’ म्हणतात! मिरेना (पिशवीत बसवायची हार्मोनवाली टी) बसवली तर पहिले 3 ते 6 महिने डाग लागतात, घाईने काढू नये.

आणि लोहाची गोळी सकाळच्या पोहे-चहासोबत नको. लिंबू चालेल, चहा एक-दोन तासांनी. शौच काळी होणारच.

सुदामानगर_स्नेहा:
सांगायचं राहिलं, 6 वर्षांपासून कॉपर-टी आहे. तिच्यामुळेच असेल का?

स्त्रीरोग_मालवा:
कॉपर-टीने जातं जास्त, पण तारखा बिघडत नाहीत. बीज ती थांबवत नाही. शिवाय तिचा त्रास बहुधा सुरुवातीच्या महिन्यांतला. सहाव्या वर्षी नव्याने सुरू झालेलं तिच्या माथी मारू नका. मात्र कॉपर-टी आहे म्हणून गर्भ-तपासणी वगळू नका. ती असताना गर्भ राहिलाच, तर तो पिशवीबाहेर, गर्भनळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते.