अनुभव धागा: फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती नेमकी शोधायची कशी?

गाडीखाली लाल डाग दिसला की पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो. पण फोर-बाय-फोरच्या पोटाखाली इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा डबा) आणि पॉवर स्टिअरिंग एकमेकांना खेटून असतात. त्यामुळे थेंब पडतो एकीकडे आणि तेल आलेलं असतं भलतीकडून. ज्यांनी हे काम हाताने केलं आहे त्यांनी लिहावं: सुरुवात कुठून करता, फसायला कुठे होतं, सील कितीदा बदलूनही का टिकत नाही. माप, तापमान, पार्टचं नाव असेल तर उत्तम. ‘चांगल्या मेकॅनिकला दाखवा’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

* * *

आधी तेल कुठलं ते ठरवा. नवं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) बहुतेक वेळा पारदर्शक लाल असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. काही उत्पादकांचं नवं तेलही पिवळसर किंवा हिरवट असतं, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. लाल किंवा गुलाबी कूलंट तर हमखास फसवतं. पेल्यात पाणी घेऊन त्यात थेंब सोडा: एटीएफ वर तरंगतं, कूलंट मिसळून जातं. डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलमधल्या गिअरांच्या डब्याचं) तेल जाड असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये पुष्कळ गाड्यांत एटीएफच असतं, तेव्हा त्याच्या डबीतली पातळी आधी बघून घ्या. ते दोन मिनिटांचं काम न केल्यामुळे गिअरबॉक्स उगाच उतरवले जातात.

* * *

माझ्या मते निम्मं निदान साफसफाईत आहे. खालची स्किड प्लेट (पोटाखालचा संरक्षक पत्रा) काढल्याशिवाय काहीही बघू नका. तेल तिच्यावर साचतं, उताराकडे वाहतं आणि नटाच्या भोकातून टपकतं. मग थेंबाखालची जागा तपासत बसण्यात अर्थ नाही.

प्लेट काढल्यावर डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी), वायरिंग कनेक्टर आणि सीलच्या ओठांवर थेट नको. पूर्ण वाळल्यावर संशयित जोडांवर टाल्कम पावडर हलकेच भुरभुरा. वीसेक मिनिटं गाडी सगळ्या गिअरमधून चालवा, मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खाली जा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ लगेच उठून दिसते. धावत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. गळती त्याच्या जवळपासच असते.

गळती फार बारीक असेल तर यूव्ही डाय, म्हणजे तेलात मिसळायचा, अतिनील उजेडात चमकणारा रंग. बाटलीवर लिहिलेल्या मापानेच टाका. पिवळा चष्मा घालून यूव्ही टॉर्चने बघा. डाय एका वेळी एकाच ठिकाणी टाकायचा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्हीत एकदम टाकला तर काहीच कळणार नाही. आणि ओतताना बाहेर सांडलेला डाय पुसा, नाहीतर नंतर तोच चमकत राहतो.

* * *

खाली शिरण्याआधी एक गोष्ट. पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये (चारही चाकांची ताकद गरजेपुरतीच जोडता येते अशा गाडीत) ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गिअर ‘पी’मध्ये असूनही गाडी गडगडते, कारण पार्किंगचा खटका गिअरबॉक्समध्ये असतो आणि चाकांशी त्याचा संबंध तुटलेला असतो. हँडब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि जॅकवर नाही तर स्टँडवर गाडी. इंजिन चालू ठेवून चाकं अधांतरी असताना गिअर टाकायचा नाही. एक जरी चाक जमिनीला टेकलेलं असलं तरी गाडी स्टँडवरून उडी मारू शकते.

* * *

बाहेर एक थेंब नाही, तरी पातळी उतरतेय, असं असेल तर ट्रान्सफर केस उघडून बघा. गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरचं, दोघांमधलं सील गेलं की तेल आतल्या आत पलीकडे जातं. गाडी सपाट जागेवर, थंड असताना ट्रान्सफर केसचा लेव्हल प्लग काढा. तेल भोकाच्या खालच्या काठाला असायला हवं. धार लागली तर ती मोजपात्रात धरा, नंतर ड्रेन प्लगही काढून सगळं मोजा. समजा ट्रान्सफर केसमध्ये दीड लिटर बसतं आणि निघालं दोन, तर वरचं अर्धं लिटर गिअरबॉक्समधून आलेलं आहे. जास्तीचं तेल पुढे ट्रान्सफर केसच्या ब्रीदरमधून बाहेर येतं आणि लोक ब्रीदरलाच दोष देतात.

साखळीवर चालणाऱ्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये एटीएफच असतं, तिथे रंगावरून काही कळत नाही, मोजणं हाच उपाय. ज्यात गिअर ऑइल असतं तिथे ते पातळ झालेलं बोटांना जाणवतं. तेव्हा नुसतं सील बदलून थांबू नका, ट्रान्सफर केसचं तेलही पूर्ण बदला.

* * *

गळती कधी होते, याकडेही लक्ष द्या. फक्त रात्रभर उभी राहिल्यावर डाग पडत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाने भरलेल्या जोडणीतलं) तेल हळूहळू पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या भांड्यात, उतरत असतं. पॅनमधली पातळी चालू इंजिनापेक्षा बरीच वर जाते आणि एरवी कोरडे राहणारे जोड बुडतात: सिलेक्टर शाफ्टचं (गिअर निवडणाऱ्या दांड्याचं) सील, डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग (रबरी कडी), वायरिंग कनेक्टरची स्लीव्ह. ही तिन्ही गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतात, म्हणून पॅन गॅस्केटच्या आधी इथे बघा.

उलट गाडी तापल्यावर आणि चालू असतानाच टपकत असेल तर दाबाखालची जागा: गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या लाइन. रबरी होज आणि लोखंडी नळी जिथे दाबून जोडलेली असते तो क्रिम्प बोटाने चाचपून बघा (इंजिन बंद करून, तेल भाजतं). क्विक-कनेक्टची (खटक्याने बसणाऱ्या जोडाची) ओ-रिंगही जाते. होज बदलताना एटीएफला चालणारीच घ्या. साधी पाण्याची होज आतून फुगते आणि फाटते.

* * *

बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचाच्या) तळातून थेंब येत असेल तर घाई नको. तिथे इंजिनचं मागचं मेन सीलही गळतं. खालचं झाकण काढून बघा: कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू ओली असेल तर गिअरबॉक्सच्या तेलपंपाचं पुढचं सील, फ्लेक्सप्लेटची (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणाऱ्या चकतीची) इंजिनाकडची बाजू ओली असेल तर मेन सील. पुढचं सील बदलायचं ठरलं तर पंपाचं बुश (फिरत्या हबला आधार देणारी धातूची कडी) आणि कन्व्हर्टरच्या हबवर चर पडलाय का हे तपासा. बुश झिजलेलं राहिलं तर नवं सील फार दिवस टिकत नाही. कन्व्हर्टर बसवताना तो पूर्ण आत गेलाय याची खात्री करून मगच बोल्ट आवळा, नाहीतर पंप फुटतो.

आउटपुट सीलचंही तेच. योक (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतो तो तुकडा) वर-खाली हलवून बघा. खेळ असेल तर दोष सीलचा नाही, बुश किंवा बेअरिंगचा. गाडी उंच केलेली असेल आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढला असेल तर कंपनामुळे नवं सीलही लवकर जातं.

* * *

पाण्यात उतरणाऱ्या गाड्यांसाठी: ब्रीदर. चिखलाने बुजला की गिअरबॉक्स तापल्यावर आतली हवा वाट शोधते आणि चांगल्या सीलमधून तेल बाहेर ढकलते. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला तर उलटं, पाणी आत ओढलं जातं. तेल गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी चालू करू नका. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला तरी असंच दिसतं, कूलंटची टाकीही बघा. क्लच प्लेटचं कागदी अस्तर पाण्याने सुटतं, आणि मग गळती हा किरकोळ विषय उरतो.

* * *

पॅन गॅस्केट: बोल्ट आवळून गळती थांबत नाही, वाढते. लोखंडी पॅनची कड बोल्टच्या भोकांपाशी वाकते आणि मधल्या भागात फट राहते. बोल्ट आवळायचा टॉर्क फार कमी असतो, बऱ्याच गाड्यांत 10 न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणून टॉर्क रेंच वापरा आणि मध्यापासून बाहेर जा. गॅस्केट असेल तिथे सिलिकॉन लावू नका, त्याचे तुकडे फिल्टरमध्ये अडकतात. ज्या पॅनला मुळातच सीलंट दिलेलं आहे ती गोष्ट वेगळी. प्लास्टिकचा पॅन असेल तर सहसा फिल्टर त्यातच असतो, तो अख्खा बदला.

* * *

गिअरबॉक्समधली पातळी कशी मोजायची हे वर कुणी लिहिलं नाही, म्हणून. डिपस्टिक असेल तर गाडी सपाट, तेल गरम, इंजिन आयडलवर, सगळे गिअर एकदा फिरवून, मग मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये. डिपस्टिक नसेल तर फिल प्लग किंवा ओव्हरफ्लो नळी, आणि तेलाचं तापमान स्कॅनरवर बघून. ते ठरलेल्या टप्प्यातच हवं, कारण तेल तापलं की फुगतं. जास्त भरलं की तेलाचा फेस होतो, तो ब्रीदरमधून येतो, आणि नवी गळती झाली असं वाटून पुन्हा शोध सुरू होतो.

चालवावी की नाही, याचा अंदाज: साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. मिनिटाला एक थेंब पडत राहिला तर दिवसाला 70 मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन आठवड्यांत लिटरभर. ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी उशिरा हलत असेल, किंवा वळणावर आरपीएम नुसतेच चढत असतील, तर पातळी आधीच खाली गेली आहे. तेल भरल्याशिवाय ती गाडी हलवू नका, आणि भरताना मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनचंच भरा.