भरतीची डायरी: रोज लिवाव तं काय?

प्रश्न (दारव्ह्याकडून): पोलीस भरतीची तयारी करून रायलो. पहिल्या पानावर 'वर्दी घालीन' लिवलं, पुढं कोरंच.

उत्तर: वर्दी तुह्या हाती नाही गा, १६०० मीटरची धाव हाये. तारीख, वेळ, रात्री झोपला कवा, एवढं लिव. कापूस वेचून आला तं तेही टाक. त्या दिवशी वेळ बेकारच येते, जीव जाळू नोको.

दुसरं उत्तर: 'उद्या धावीन' लिवूच नोको. 'ढोरं सोडले का लगेच कालव्याच्या रस्त्यानं धावीन' असं लिव. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झरनं १९९९ मध्ये हेच मांडलं: कवा अन् कुठं ते ठरलं का काम जास्त होते.

प्रश्नकर्ता: गोळाफेकीचं वेगळं पान करू काय?

उत्तर: कर ना. पण लेखी परीक्षेच्या गणिताचं आधी. त्याचं तं तू नावच नाही काढलं.