मदत हवी आहे: प्लाझ्मात वॉरफॅरिनचे आर आणि एस सुटत नाहीत

मंडळी, एलसी-एमएस/एमएसवर (कॉलममधून वेगळं करून वस्तुमानाने मोजणारं यंत्र) वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची कायरल मेथड (आर आणि एस ही आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं वेगवेगळी मोजायची पद्धत) बसवतोय आणि गाडी एका जागी अडलीय.

गोळीत आर आणि एस निम्मे-निम्मे असतात, पण रक्त पातळ ठेवण्याचं काम मुख्यतः एसचं, म्हणून दोघांची बेरीज मोजून भागत नाही. वस्तुमान एकच, तुकडेही तेच (निगेटिव्ह मोड, मूळ आयन ३०७ ते तुकडा १६१). डिटेक्टरला दोघं सारखेच, म्हणजे जे काय वेगळं व्हायचं ते कॉलमवरच.

कॉलम चिरोबायोटिक व्ही (व्हँकोमायसिनवाला), १५० बाय २.१ मिमी. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण): अमोनियम अ‍ॅसिटेट बफर ७०, अ‍ॅसिटोनायट्राइल ३०. इंटर्नल स्टँडर्ड (प्रत्येक नमुन्यात मोजून घातलेला तुलनेचा पदार्थ) वॉरफॅरिन-डी५, म्हणजे ड्युटेरियमवालं वॉरफॅरिन. २०० मायक्रोलिटर प्लाझ्मात ६०० मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल घालून प्रोटीन पाडतो, सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावण सरळ व्हायलमध्ये. इंजेक्शन २० मायक्रोलिटर.

मोबाइल फेजमधलं स्टँडर्ड टाकलं की दोन पीक (आलेखावरचे उंचवटे) सुटसुटीत, मधली दरी थेट बेसलाइनला. प्लाझ्मा टाकला की पहिलं पीक पुढून फुगतं आणि दरी अर्ध्यावरच थांबते. डी५चे हालही तेच. लगेच पुन्हा स्टँडर्ड टाकलं तर चित्र परत स्वच्छ!

सर म्हणतात कॉलम गेला, नवा मागवा. (किंमत ऐकून खरेदी विभागाचा चेहरा कसा होतो ते इथल्यांना सांगायला नको.) मला वेगळीच शंका: प्लाझ्मात आरचा एस होत असेल का?

कॉलमकाका: कॉलम गेला असता तर मागून टाकलेलं स्टँडर्डही बिघडलं असतं. आणि आरचा एस झाला तर पीक दोनच राहतील, फक्त त्यांचं प्रमाण बदलेल. ती चिकटणार नाहीत. थॅलिडोमाइड या औषधाची गोष्ट वेगळी, तिथे रूपं खरंच एकमेकांत बदलतात, म्हणून प्लाझ्मा काढल्याबरोबर आम्ल घालावं लागतं. तुमच्या व्हायलमध्ये ७५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल आहे आणि मोबाइल फेजमध्ये ३०. एवढ्या बारीक कॉलमवर त्याचे २० मायक्रोलिटर ओतले की रेणू तोंडाशी थांबतच नाहीत, पुढे वाहून जातात. खात्री करायची तर प्लाझ्मा न घेता तेच स्टँडर्ड ७५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये करून टाका.

हेक्झेनप्रेमी: चिरलसेल ओडी (दुसरा कायरल कॉलम) वापरा की, हेक्झेन-आयसोप्रोपॅनॉलमध्ये मस्त सुटतात.

कॉलमकाका: यूव्ही डिटेक्टरवर खुशाल. एमएसच्या तापलेल्या ईएसआय सोर्समध्ये (द्रावणाचा फवारा करून आयन बनवणारा भाग) हेक्झेनची ज्वलनशील वाफ सोडायला कुणाला सांगू नका हो.

धागाकर्ता: काका, टाकून पाहिलं. प्लाझ्मा नसतानाही पीक तसंच फुगलं! आता द्रावण पातळ करू की सुकवू?

कॉलमकाका: बफरने तिप्पट पातळ करून ५ मायक्रोलिटर टाका. एस खालच्या पातळीला दिसेनासा झाला तर प्लाझ्मा आम्लधर्मी करून एमटीबीई या सॉल्व्हंटने औषध काढा, नायट्रोजनखाली सुकवा आणि मोबाइल फेजमध्येच विरघळवा. कोणतं पीक कोणाचं हे नुसतं एस-वॉरफॅरिन टाकून ठरवा. नियमित गोळी घेणाऱ्या रुग्णात बहुधा आर जास्त निघेल, कारण यकृतातलं सीवायपी२सी९ हे एन्झाइम एसला लवकर संपवतं. तेव्हा घाबरून पुन्हा कॉलमवर आळ घेऊ नका. कॅलिब्रेशन रेसिमिक (आर-एस निम्मे-निम्मे) पावडरीचं असेल तर १०० नॅनोग्रॅममध्ये एस ५०च धरायचा.