अनुभव धागा: चिखल्या झाल्या तेव्हा व्यायाम कसा चालू ठेवलात?

धागाकर्ती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रोगराई घेऊन जा म्हणत मारबतीची मिरवणूक निघाली त्या सकाळी आमच्या फिरायच्या टोळीतल्या एकीने बाकावर बसून बूट काढला, बोटं फाकवली आणि ओरडली, "चिखल्या घेऊन जा गे मारबत!" हसू आवरेना. मग एकेकीने बूट काढले, तर सात जणींपैकी चौघींच्या बोटांत तेच. पांढरी पडलेली, ओली, सोलवटलेली कातडी. आणि चौघीही महिनाभर एकमेकींना काही न बोलता चालत होत्या. गुडघा दुखला की सगळ्या गावाला सांगतो, पायाच्या बोटांना वास येतो हे कुणी सांगत नाही.

म्हणून हा धागा. काय थांबवलं, काय चालू ठेवलं, काय अंगाशी आलं ते लिहा. स्वतःचंच लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले उपाय नकोत.

सुरुवात माझ्यापासून. नागपूरच्या अंबाझरी तलावावर रोज चार किलोमीटर चालते. जुलैत बूट एकदा भिजले ते वाळलेच नाहीत. रात्री कुलरसमोर ठेवायची आणि सकाळी तेच घालायची. पावसाळ्यात कुलरची हवा म्हणजे ओलाच, हे नागपुरात जन्म काढून मला ५२व्या वर्षी कळलं. करंगळीच्या बेचकीतली कातडी रात्रभर भिजवलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी निघायला लागली. घाबरून चालणंच बंद केलं. आठ दिवस घरी बसले, पण घरातही पायात बंद चप्पल होतीच, त्यामुळे फरक शून्य. डॉक्टर म्हणाल्या, "चालल्याने नाही झालं, ओल्या बुटाने झालं." तेव्हा दुसरा जोड घेतला. आता एक जोड घालते, दुसरा दोन दिवस वाळतो. आल्याबरोबर आतलं पातळ तळवं बाहेर काढायचं, बुटात रद्दीचे बोळे कोंबायचे, तासाभराने ते ओले बोळे फेकून नवे घालायचे. पहिल्या बोळ्यांना हात लावून बघा, किती पाणी असतं ते कळेल.

चूकही सांगते. सहाव्या दिवशी खाज थांबली आणि मी डॉक्टरांनी दिलेलं मलम बंद केलं. पंधरा दिवसांत सगळं परत.

ग्राउंडवाला

ताई, मी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आन् गोळाफेक असते. सकाळ-संध्याकाळ ग्राउंड. बूट एकच. रूमवर आम्ही चार जण, दोरी एक, टॉवेल म्हणाल तर जो हाताला लागला तो.

झालं मले पायाले. मेडिकलमधून ट्यूब आणली, दुकानदार म्हणे बेस्ट आहे. लावली तर काय सांगू, दुसऱ्या दिवशी खाज गायब! मले वाटलं जमलं. रूमवर सगळ्यांना वाटली ती ट्यूब. पंधरा दिवसांनी पाय तर पुन्हा पेटलाच, वरून जांघेत मोठमोठे चट्टे. पळताना मांडी मांडीला घासली की डोळ्यांतून पाणी. १६०० मीटर सोडा, जिना चढवत नव्हता.

सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं ट्यूब पाहिली, डोक्याले हात लावला. त्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासोल लिहिलं होतं. म्हणे हे स्टेरॉइड आहे, तोही दमदार. खाज दाबते, बुरशीले मोकळं रान देते. मंग कातडीचा भुगा खरवडून काचेवर घेतला, औषधाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली पाहिला. मलेही दाखवला. धाग्यासारखं काहीतरी होतं.

पळणं बंद करायले मी तयारच नव्हतो. डॉक्टरनं पूर्ण बंद नाही केलं. म्हणे जांघेतल्या चट्ट्यांची आग बसेपर्यंत धावू नको, तोवर गोळाफेक, पुल-अप्स, डिप्स, पोटाचे व्यायाम कर. बारा दिवस तेच केलं. गोळा आधीपेक्षा लांब जाऊन राहिला, ते एक बरं झालं. अनवाणी पळायचं नाही, मातीतही नाही, ओल्या गवतावर तर नाहीच. आंघोळीनंतर मोजे आधी, चड्डी मग, म्हणजे पायाची बुरशी कापडाला लागून वर जात नाही. हे ऐकून रूमवर सगळे हसले. आता चौघंही तसंच करते.

पोहणाऱ्याची आई

मुलगा अकरा वर्षांचा, पोहायला जातो. त्याच्या प्रशिक्षकांनी पाय बघून त्याला परत पाठवलं तेव्हा मला अपमान वाटला होता. खरं तर बरोबरच होतं. टाकीच्या पाण्यापेक्षा कपडे बदलायच्या खोलीतली आणि शॉवरखालची ओली फरशी वाईट. तिथे वीस मुलं अनवाणी उभी असतात. बोटं पूर्ण भरेपर्यंत नाही पाठवलं. आता शॉवरपासून टाकीच्या काठापर्यंत रबरी चप्पल, आणि पाय पुसायला वेगळा पंचा. अंगाचा टॉवेल पायाला नाही. पंचा रोज धुवावा लागतो, हे सांगायचं राहिलं. हे काम कोणाचं ते सांगायची गरज नाही.

चटईवाली

योगवर्ग घेते. आमचं सगळंच अनवाणी, त्यामुळे हा धागा वाचून थोडी वरमले. मला झालं ते बहुधा वर्गातूनच. सामायिक चटया होत्या, गुंडाळून कोपऱ्यात उभ्या. ओल्या चटईची गुंडाळी म्हणजे बुरशीला घर बांधून दिल्यासारखं. आता प्रत्येकाने स्वतःची चटई आणायची, साबणाच्या पाण्याने पुसायची आणि उघडी वाळवायची.

पायाला झालंय म्हणून वर्ग बुडवू नका, फक्त सांगा. मी त्या व्यक्तीला खुर्चीवरची आसनं देते, श्वसन देते, पाठीवर झोपून करायचं देते. आमच्या वर्गात एका काकूंनी सहा आठवडे फक्त खुर्चीवर केलं आणि त्यांची मान सुधारली.

एक विचारू का? मेंदी लावलेली चालते? आमच्या आजी चिखल्यांवर मेंदीच थापायच्या. मला थोडा आराम पडला होता.

मलमपट्टी

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, या विषयाच्या धाग्यावर गप्प बसवत नाही.

मेंदीने कातडी थोडी कोरडी होते, म्हणून बरं वाटतं. पण ती रंगते आणि मग खाली लाली आहे की जखम, हे आम्हाला दिसत नाही. उघड्या भेगेवर तर लावूच नका.

बोटांत खाज म्हणजे बुरशीच, असंही नाही. चौथ्या-पाचव्या बोटाच्या बेचकीत पांढरी, ओली कातडी म्हणजे बहुतेकदा बुरशी. तळव्यावर बारीक खड्डे आणि भयंकर वास असेल तर ते जिवाणूंचं काम, त्याचं औषध वेगळं. दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला बुटाच्या आकारात लाल झालं असेल तर रबराची किंवा चामड्याच्या रसायनाची अ‍ॅलर्जी बघावी लागते. माझ्याकडे एक गृहस्थ दोन वर्षं बुरशीची मलमं लावून आले होते, त्रास बुटाच्या डिंकाचा होता.

औषधाचं म्हणाल तर क्लोट्रिमॅझोल साधारण चार आठवडे, दिवसातून दोनदा. टर्बिनाफिन बोटांच्या बेचकीत एक ते दोन आठवडे. नक्की किती ते पाय पाहून ठरतं. दिसणाऱ्या कडेच्या दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत लावायचं. नखं जाड, पिवळी झाली असतील तर मलमाने भागत नाही. गोळ्या लागू शकतात, त्या स्वतःहून घेऊ नका, काहींना यकृताची तपासणी लागते.

ग्राउंडवाल्याची गोष्ट मी आठवड्यात दहा वेळा ऐकते. ट्यूबवर तीन-चार नावं असतील आणि त्यात क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसलं तर ठेवा ती परत. आपल्याकडे जांघेत आणि अंगावर होणारा चिवट गजकर्ण हल्ली साध्या औषधांना दाद देत नाही, त्यात ट्रायकोफायटन इंडोटिनिए नावाची बुरशी सापडते. तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं. या मिश्र मलमांनी तिचं चांगलंच फावलं आहे.

निवृत्त मास्तर

वय ६६, मधुमेह १४ वर्षे. माझं थोडं गंभीर आहे.

चिखल्यांकडे कोण लक्ष देतो? मी दिलं नाही. सकाळी रेशीमबाग मैदानाला पाच फेऱ्या, नंतर तर्री पोहे (साखर आहे हो, ठाऊक आहे). बोटांच्या मध्ये भेग पडली होती, पण पायाला बधिरपणा असल्याने दुखली नाही. घरी कोणी तरी सांगितलं म्हणून मिठाच्या गरम पाण्यात पाय ठेवला. पाणी किती गरम आहे ते पायाला कळलं नाही, घोट्याला फोड आले. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, पाय गुडघ्याच्या खालपर्यंत लाल आणि तापलेला. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक. डॉक्टरांनी बोटांच्या मधली ती छोटी भेग दाखवली आणि म्हणाले, जंतू या दारातून आत आले.

मैदान दीड महिना बंद. पण बसून राहिलो असतो तर साखर वाढली असती, म्हणून खुर्चीत बसून दोन्ही हातांत लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम केले. सौ. म्हणाली, आता तुम्ही बाटल्यांशी भांडता वाटतं. आता रात्री झोपताना हातातला आरसा खाली धरून प्रत्येक बेचकी बघतो. पाणी आधी कोपराने तपासतो. माझ्यासारख्यांनी मेडिकलवर जायचं नाही, थेट डॉक्टरकडे.

सायकलचाक

मास्तर, मीही गरम पाणी केलं होतं. वाचलो.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडला तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी. तीन दिवस गाळ उपसला, पायात तेच गमबूट, आत पाणीच पाणी. चौथ्या दिवशी बोटं उकडलेल्या बटाट्यासारखी. महिनाभर नीट पाऊल टेकवत नव्हतं, म्हणून पायाच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागलो. त्यातून डावा गुडघा धरला. बुरशी तीन आठवड्यांत गेली, गुडघा चार महिने राहिला. त्यामुळे माझं मत हेच, की लंगडत चालावं लागत असेल तर चालूच नका. मी सायकल धरली. पट्ट्यांची सँडल, पायात मोजे नाहीत, सेमिनरी हिल्सच्या चढावर हवा लागते. मोज्यांचं म्हणाल तर आता पातळ, घाम शोषणारे सहा जोड आहेत, भिजले की रस्त्यातच बदलतो. घरातले आतबाहेर उलटे करून गरम पाण्यात धुतो आणि मे महिन्यात गच्चीवर टाकतो. नागपूरच्या उन्हाचा एवढा तरी फायदा.

धागाकर्ती

मास्तरांच्या तर्री पोह्यांवर वेगळा धागा निघायला हवा. मलमपट्टी, एक शंका: पावडर टाकायची का?

मलमपट्टी

बुरशीविरोधी पावडर बुटात आणि कोरड्या पायावर, हो. साधी टाल्कम ओल्या बेचकीत टाकलीत तर लगदा होतो. आधी बोटांच्या मध्ये कापडाने टिपून कोरडं करा. घाई असेल तर हेअर ड्रायर थंड हवेवर.

ग्राउंडवाला

हेअर ड्रायर कुठून आणू मॅडम? रूमवर पंखा आहे, त्याच्यासमोर पाय वर करून पडतो.

काल टायमिंग घेतलं. १६०० मीटर ५ मिनिटं २२ सेकंद. दोन महिन्यांआधी ५:४१ होतं. दुसरे बूट घ्यायले पैसे नाहीत, पण रूममेटचा नंबर एकच आहे, त्याचे एक दिवसाआड घालतो. मोजे माझेच.

मलमपट्टी

टायमिंग झकास! बूट मात्र नको. बुरशी बुटातही राहते, मोज्यातूनही लागते.

ग्राउंडवाला

समजलं. आज रूममेटले सांगतो. तो म्हणेल, बरं झालं, माझ्या बुटाचा वास तुलेच येत होता.